ताटातला स्नेह

घरातील ज्येष्ठांच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती येतो, कोलेस्टेरॉलच्या आकड्यापुढे ठळक खूण दिसते आणि त्याच संध्याकाळी निर्णय होतो : ‘आजपासून तेल-तूप बंद.’ तुपाची वाटी ताटाजवळून उचलली जाते, आमटीची फोडणी जाते, पोळी कोरडी होते. हा निर्णय मायेपोटी घेतलेला असतो, म्हणून त्याला कोणी हरकत घेत नाही. ज्यांच्यासाठी तो घेतला, ते आजी-आजोबाही मुकाट्याने मान डोलावतात. सहा महिन्यांनी त्यांचे कपडे सैल होऊ लागतात, जिना चढताना पाय थरथरतात. तेव्हा मात्र हा बदल आणि ती बंदी यांचा काही संबंध असेल, हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

आपल्या भाषेत ‘स्नेह’ या एकाच शब्दाने तेल-तुपाचाही बोध होतो आणि मायेचाही. चरकसंहितेने तूप, तेल, वसा आणि मज्जा असे चार स्नेह सांगितले. शास्त्रीय मराठीत आपण आजही ‘स्निग्ध पदार्थ’ म्हणतो, तो शब्द त्याच कुळातला. उतारवयात या स्निग्ध पदार्थांशी कसे वागावे, हा या लेखाचा विषय आहे. त्यातील मुख्य सांगणे आरंभीच मांडतो : स्निग्धांश सरसकट बंद करणे हा बहुतेक ज्येष्ठांसाठी उपाय नव्हे. कोणता स्निग्धांश, किती आणि कोणासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी शोधावी लागतात.

शरीराला स्निग्धांश कशासाठी हवा?

एक ग्रॅम कर्बोदकांपासून किंवा एक ग्रॅम प्रथिनांपासून शरीराला सुमारे ४ उष्मांक मिळतात. एक ग्रॅम स्निग्धांशापासून ९. म्हणजे थोड्या आकारमानात अधिक ऊर्जा साठवणारा हा अन्नघटक आहे. परंतु त्याचे काम केवळ इंधनाचे नाही. शरीरातील प्रत्येक पेशीचे आवरण स्निग्ध द्रव्यांनी घडलेले असते. मेंदूतील पाण्याचा अंश वगळला, तर उरलेल्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचाच असतो. ज्या कोलेस्टेरॉलचे नाव काढताच आपण दचकतो, त्यापासूनच शरीर पित्ताम्ले, अनेक संप्रेरके आणि त्वचेवर पडणाऱ्या उन्हाच्या साहाय्याने जीवनसत्त्व ड तयार करते. रक्तातील बहुतांश कोलेस्टेरॉल आपले यकृत स्वतःच निर्माण करते. अन्नातून येणारा वाटा त्या मानाने लहान असतो.

१९२९ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांवर एक महत्त्वाचा प्रयोग केला. आहारातून स्निग्धांश पूर्णपणे काढून टाकल्यावर उंदरांची त्वचा खवल्यांसारखी झाली, वाढ खुंटली आणि शेवटी ते दगावू लागले. काही विशिष्ट स्निग्धाम्ले आहारात परत दिल्यावर ते सुधारले. शरीराला जी तयार करता येत नाहीत आणि अन्नातूनच घ्यावी लागतात, अशी स्निग्धाम्ले असतात, हे त्यातून सिद्ध झाले. लिनोलेइक आम्ल आणि अल्फा-लिनोलेनिक आम्ल ही ती दोन होत. पहिले ओमेगा-६ गटातले, दुसरे ओमेगा-३ गटातले. वय कितीही झाले, तरी त्यांची गरज संपत नाही.

याशिवाय अ, ड, ई आणि के ही चार जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळतात. जेवणात तेला-तुपाचा अंशच नसेल, तर पालेभाजीतले आणि गाजरातले कॅरोटीन आतड्यातून पुरेसे शोषले जात नाही. पालकाच्या भाजीला आपण जी चमचाभर तेलाची फोडणी देतो, ती चवीसाठी असते तशी पोषणासाठीही असते. डॉक्टरांनी लिहून दिलेली जीवनसत्त्व ड ची गोळी किंवा पूड कोऱ्या चहाबरोबर घेण्यापेक्षा जेवणानंतर किंवा दुधाबरोबर घ्यावी, यामागेही हेच कारण आहे.

सत्तरीनंतर गणित बदलते

चाळिशीतला माणूस जास्त खातो आणि कमी हालतो. त्याच्या ताटातील तेल कमी करणे शहाणपणाचे असते. सत्तरी-पंचाहत्तरीनंतर अनेक घरांत परिस्थिती उलट असते. भूक मंदावते. वास आणि चव यांची जाण बोथट होते. दात पडलेले असतात किंवा कवळी नीट बसत नाही. एका वेळी अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी यापलीकडे जेवण जात नाही. अशा छोट्या ताटातून आपण स्निग्धांश काढून घेतला, तर उष्मांक एकदम घटतात आणि ते दुसऱ्या कशाने भरून काढण्याइतके जेवण त्यांना जात नाही. मग शरीर स्वतःच्याच साठ्यावर जगू लागते. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, तोल जातो आणि पडण्याचे प्रसंग वाढतात.

कोरड्या अन्नाचा आणखी एक त्रास असतो. वयोमानाने आणि अनेक औषधांमुळे तोंडाला कोरड पडते. कोरडी पोळी, कोरडा भात, भाजलेला पापड हे घास घशात अडकतात, ठसका लागतो. ज्येष्ठ माणूस ‘आता पुरे’ म्हणून ताट सारतो. घरच्यांना वाटते, भूक नसेल. पुष्कळदा भूक असते, घास गिळवत नसतो. गरम वरण-भातावर चमचाभर तूप घातले की तोच घास सहज उतरतो.

वैद्यकशास्त्रात याबाबत एक सोपा संकेत सांगितला जातो. कोणताही प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, तर ती धोक्याची सूचना समजावी. म्हणजे साठ किलो वजनाच्या व्यक्तीचे तीन किलो. ‘बरे झाले, हलके वाटते’ असे म्हणून हे सोडून देऊ नये. त्यामागे मधुमेह, थायरॉइड, नैराश्य, कर्करोग असे एखादे कारण असू शकते आणि ते डॉक्टरांनीच शोधायला हवे. परंतु त्या शोधाबरोबर ताटाकडेही पाहावे. पुष्कळदा तेथे घरच्यांनीच घातलेली एक बंदी सापडते.

भीती कोठून आली?

स्निग्ध पदार्थांविषयीच्या भीतीला इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पाश्चात्त्य देशांत हृदयविकाराने मरणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या चिंताजनक झाली. अमेरिकन शास्त्रज्ञ अॅन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतील पुरुषांच्या आहाराचा आणि हृदयरोगाचा दीर्घ अभ्यास सुरू केला : अमेरिका, फिनलंड, नेदरलँड्स, इटली, तत्कालीन युगोस्लाव्हिया, ग्रीस आणि जपान. लोणी, साय, मांस यांतील संपृक्त स्निग्धांश जेथे जास्त, तेथे हृदयरोग जास्त, असे चित्र त्यातून पुढे आले. लोकांपर्यंत पोहोचेपर्यंत या निष्कर्षाचे ‘चरबी वाईट’ असे अर्धे वाक्य उरले.

त्याच अभ्यासातील एक गोष्ट मात्र आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. पूर्व फिनलंड आणि ग्रीसमधील क्रीट बेट या दोन्ही ठिकाणी लोकांना एकूण उष्मांकांपैकी जवळजवळ सारखाच, सुमारे चाळीस टक्के वाटा स्निग्ध पदार्थांतून मिळत होता. तरीही फिनलंडमध्ये हृदयविकाराचे प्रमाण फार मोठे होते आणि क्रीटमध्ये अगदी कमी. फिनलंडच्या ताटात लोणी आणि सायीचे दूध होते, क्रीटच्या ताटात ऑलिव्हचे तेल. दोन्ही जीवनसरणींत इतरही फरक होतेच. तथापि स्निग्धांशाच्या प्रमाणाइतकीच, किंबहुना अधिक, त्याची जात महत्त्वाची ठरते, याची खूण तेथे पटली होती.

फिनलंडने हा धडा घेतला. नॉर्थ करेलिया या प्रांतात १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली लोकचळवळीसारखा प्रकल्प सुरू झाला. पावावर लोण्याचा थर देण्याऐवजी वनस्पती तेलांचा वापर, कमी सायीचे दूध, अधिक भाज्या, कमी मीठ, धूम्रपानाला आळा आणि रक्तदाबावर उपचार, असा तो सर्वांगीण कार्यक्रम होता. पुढील चार दशकांत तेथील कामकरी वयाच्या पुरुषांमधील हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले.

याउलट केवळ ‘स्निग्धांश कमी करा’ एवढाच सल्ला दिला तर काय होते? अमेरिकेत ५० ते ७९ वयाच्या जवळजवळ ४९ हजार स्त्रियांवर सुमारे आठ वर्षे चाललेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी स्निग्धांशाचा आहार घेणाऱ्या गटात हृदयरोग आणि पक्षाघात यांत लक्षणीय घट आढळली नाही. स्पेनमध्ये साधारण ५५ ते ८० वयाच्या, हृदयरोगाचा धोका असलेल्या सुमारे साडेसात हजार लोकांवर दुसरी चाचणी झाली. एका गटाला भरपूर ऑलिव्ह तेल, दुसऱ्याला रोज मूठभर अक्रोड-बदामांसारखा सुकामेवा आणि तिसऱ्याला स्निग्धांश कमी करण्याचा सल्ला दिला होता. पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि त्यांमुळे होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण तिसऱ्या गटापेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी आढळले. गटवारीच्या पद्धतीत काही त्रुटी आढळल्याने हा अहवाल मागे घेऊन २०१८ साली सुधारून पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. निष्कर्ष मात्र साधारण तोच राहिला.

यातून आपल्या घरासाठी काय घ्यायचे? तूप काढून त्याच्या जागी साखर घातलेली बिस्किटे, टोस्ट आणि मैद्याची खारी आली, तर हृदयाचा लाभ होत नाही. संपृक्त स्निग्धांशाच्या जागी असंपृक्त स्निग्धांशाची तेले, दाणे, तीळ, मासे आले, तर लाभ होतो. बंदी घालण्यापेक्षा अदलाबदल अधिक हिताची असते.

तेलाची जात ओळखू या

रासायनिक घडणीनुसार स्निग्धाम्लांचे तीन मोठे गट पडतात. संपृक्त स्निग्धाम्ले अधिक असलेले पदार्थ थंडीत गोठतात : तूप, लोणी, खोबरेल. ती प्रमाणाबाहेर गेली की रक्तातील एलडीएल, म्हणजे धमन्यांच्या भिंतींत साचणारे कोलेस्टेरॉल, वाढते. एकल-असंपृक्त स्निग्धाम्ले ऑलिव्ह तेलात विपुल असतात आणि आपल्या शेंगदाणा व तिळाच्या तेलांतही चांगल्या प्रमाणात असतात. बहु-असंपृक्त स्निग्धाम्लांत ओमेगा-६ आणि ओमेगा-३ ही दोन कुळे येतात. करडई आणि सूर्यफूल यांच्या नेहमीच्या तेलांत ओमेगा-६ भरपूर असते. ओमेगा-३ मात्र आपल्या रोजच्या तेलांपैकी मोहरी, सोयाबीन अशा थोड्यांतच असते.

म्हणूनच कोणत्याही एका तेलाला अमृत म्हणण्यात अर्थ नाही. घरात शेंगदाण्याचे तेल चालत असेल, तर पुढच्या महिन्यात करडईचे किंवा सोयाबीनचे आणावे; फोडणीला एक आणि वरून घेण्यास दुसरे, असेही करता येते. ऑलिव्हचे महागडे तेल आणलेच पाहिजे असे नाही. बाटलीवर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असेल, तर त्या शब्दाला भुलून जादा पैसे मोजू नयेत. कोलेस्टेरॉल प्राणिज पदार्थांत असते. वनस्पती तेलात ते नगण्य, म्हणून ही पाटी कोणत्याही वनस्पती तेलाला लावता येईल.

लाकडी घाण्याच्या तेलाविषयी आजकाल बरीच विचारणा होते. घाण्याच्या तेलात मूळचा सुगंध आणि काही उपयुक्त सूक्ष्म द्रव्ये टिकून राहतात, हे खरे. परंतु त्यातील स्निग्धाम्लांची घडण शुद्धीकरण केलेल्या तेलासारखीच असते आणि उष्मांकही तेवढेच असतात. ते लवकर खवट होते, म्हणून थोडे थोडे आणावे. आणखी एक दक्षता महत्त्वाची आहे. शेंगदाण्यांना बुरशी लागली असेल, तर तिचे विष घाण्याच्या तेलात उतरू शकते. स्वच्छ, निवडलेले दाणे वापरणारा खात्रीचा घाणा असेल तरच हे तेल घ्यावे.

ओमेगा-३ साठी मराठी स्वयंपाकघरात एक जुना, स्वस्त ठेवा आहे, तो म्हणजे जवस. जवसाच्या बियांतील तेलात निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. विदर्भात, मराठवाड्यात, सोलापूरकडे जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. जवस अख्खे गिळले तर पचत नाहीत. मंद भाजून, कुटून, थोडी थोडी चटणी करावी. रोज एक-दोन चमचे पुरेत. चटणीत मीठ मात्र बेताचे असावे, कारण रक्तदाबाचा विचारही करायचा असतो. दात नसलेल्यांना तीच पूड ताकात किंवा भाजीच्या रश्श्यात मिसळून देता येते.

मासे खाणाऱ्या घरांत तर सोन्याहून पिवळे. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरचे बांगडा आणि तारली हे तेलकट मासे तयार ओमेगा-३ स्निग्धाम्लांचे उत्तम स्रोत आहेत. जवसातील ओमेगा-३ चे या माशांतल्या प्रकारात रूपांतर आपल्या शरीरात अल्प प्रमाणातच होते, म्हणून मासळीचे महत्त्व वेगळे. आठवड्यातून दोनदा, तळण्याऐवजी कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात भाजून द्यावी. काटे काढून देण्याची तसदी घरातल्या तरुणांनी घ्यावी. माशांच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र मनाने सुरू करू नयेत. मोठ्या मात्रेत त्या हृदयाच्या ठोक्यांच्या अनियमिततेचा धोका वाढवू शकतात आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारणे आवश्यकच आहे.

तूप, खोबरे आणि डालडा

तुपाविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी त्याला विष म्हणतो, कोणी सर्व रोगांवरचे औषध. तुपातील सुमारे ६० टक्क्यांहून अधिक स्निग्धाम्ले संपृक्त असतात. याचा अर्थ ते वाटीने खाण्याचे अन्न नव्हे. पण दिवसाकाठी चमचाभर तुपाने निरोगी ज्येष्ठाचे काही बिघडत नाही आणि त्या चमच्याने जेवणाला जी चव येते, तिच्यामुळे अर्धी पोळी जास्त जाते. खोबरेल तेलातील जवळजवळ ९० टक्के स्निग्धाम्ले संपृक्त असून इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत ते एलडीएल वाढवते. भाजीत भुरभुरलेल्या ओल्या खोबऱ्याला किंवा सोलकढीला घाबरण्याचे कारण नाही, मात्र रोजचे मुख्य तेल म्हणून खोबरेल न वापरणे बरे. किनारपट्टीवर जेथे ती परंपराच आहे, तेथे प्रमाण आवरावे आणि दुसरे तेल जोडीला घ्यावे.

खरा टाळण्याजोगा स्निग्धांश वेगळाच आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ विल्हेल्म नॉर्मन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची युक्ती शोधली. भारतात १९३७ साली ‘डालडा’ बाजारात आला आणि पुढे प्रत्येक वनस्पती तुपाला लोक डालडाच म्हणू लागले. ज्यांचे बालपण चाळीस-पन्नासच्या दशकांतले आहे, त्यांना तो पिवळा डबा आठवत असेल. स्वस्त, टिकाऊ आणि लोण्यापेक्षा आधुनिक समजल्या गेलेल्या या पदार्थात अर्धवट हायड्रोजनीकरणामुळे ट्रान्स स्निग्धाम्ले तयार होतात. १९९० साली नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवून दिले, की ती घातक एलडीएल वाढवतातच, शिवाय उपकारक एचडीएल कमी करतात. असा दुहेरी अपाय संपृक्त स्निग्धांशही करत नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये सर्वांत आधी त्यांवर कायद्याने मर्यादा घातली. भारतात जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व स्निग्ध पदार्थांतील त्यांचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम लागू आहे.

नियम झाला तरी दक्षता संपली नाही. सुट्या खारी, नानकटाई, शेव-फरसाण अशा पदार्थांवर घटकांची चिठ्ठी नसते. तेच तेल पुनःपुन्हा तापवून तळण केले जाते, तेव्हाही अपायकारक द्रव्ये साचतात. पुष्कळ घरांत आजोबांच्या भातावरचे तूप बंद असते आणि चहाबरोबरची खारी मात्र चालू असते. त्यांतले एक काढायचेच असेल, तर खारी काढावी.

माप कसे ठेवावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढांच्या एकूण उष्मांकांपैकी स्निग्धांशाचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत, त्यातही संपृक्त स्निग्धांशाचा १० टक्क्यांपर्यंत आणि ट्रान्स स्निग्धांशाचा एक टक्क्यापर्यंतच असावा. हे आकडे स्वयंपाकघरात आणून पाहू. समजा, एका ज्येष्ठ व्यक्तीची दिवसाची गरज १६०० उष्मांकांची आहे. त्यांचे ३० टक्के म्हणजे ४८० उष्मांक, म्हणजेच सुमारे ५३ ग्रॅम एकूण स्निग्धांश. संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा येते सुमारे १८ ग्रॅम.

आता दिवसाचे ताट मोजू. अर्धा लिटर टोन्ड दुधातून, म्हणजे चहा, दही, ताक धरून, सुमारे १५ ग्रॅम. धान्य आणि डाळींत न दिसणारा स्निग्धांश सुमारे ५ ग्रॅम. भाजीतला दाण्याचा कूट दोन मोठे चमचे, ८ ग्रॅम. झाले २८. उरलेल्या २५ ग्रॅमांत चार छोटे चमचे तेल आणि एक छोटा चमचा तूप सहज बसते. यातील संपृक्त स्निग्धांशाची बेरीज केली तर तीही साधारण १७-१८ ग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या काठावर येते. अशा ताटात तुपाचा दुसरा चमचा हवा असेल, तर दूध थोडे कमी सायीचे घ्यावे. आणि दूध म्हशीचे, सायीसकट असेल, तर तुपाचा हात तेवढा आखडावा. संपूर्ण हिशेब एवढाच आहे.

महिन्याच्या वाणसामानातूनही अंदाज घेता येतो. घरातील तेलाचा एकूण खर्च माणशी अर्धा ते पाऊण लिटर असेल, तर तो दिवसाला साधारण १५ ते २३ ग्रॅम पडतो. त्याच्या दुप्पट तेल संपत असेल, तर ते ज्येष्ठांच्या वरणात गेलेले नसते, तळणात गेलेले असते. ओतणीच्या धारेने तेल न घालता चमच्याने मोजून घालण्याची सवय लावावी. एकदा तळलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजीला संपवावे, पुन्हा तळणाला घेऊ नये. धूर येईपर्यंत तेल तापवू नये. जवसाचे तेल तर तापवूच नये. खवट वास आलेले तेल किंवा दाणे कितीही महाग असले तरी टाकून द्यावेत.

कृश आणि भूक मंदावलेल्या ज्येष्ठांसाठी मात्र हिशेब उलट दिशेने करावा लागतो. त्यांच्या दिवसभराच्या खाण्यात दोन छोटे चमचे तेल किंवा तूप आणि दोन मोठे चमचे दाण्याचा कूट वाढवला, तर ताटाचा आकार फारसा न वाढता सुमारे १८० उष्मांक वाढतात. मऊ खिचडीवर तूप, मुगाच्या कढणात कूट, दह्यात तिळाची पूड, लाडवात थोडे खोबरे, अशा वाटांनी ते अन्नात मिसळावे. स्निग्धांशाबरोबर प्रथिनेही हवीत. डाळ, दूध, अंडे, मासे यांतून ती आली नाहीत, तर नुसत्या तुपाने स्नायू भरत नाहीत.

कोठे थांबावे आणि कोणाला विचारावे?

काही व्यक्तींना हा लेख जसाच्या तसा लागू होत नाही. ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, ज्यांचे ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आहेत, ज्यांना पित्ताशयातील खड्यांमुळे पोटात कळा येतात, स्वादुपिंडाला सूज येऊन गेली आहे किंवा यकृताचा आजार आहे, त्यांनी तेल-तुपाचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे. हृदयरुग्णांसाठी संपृक्त स्निग्धांशाची मर्यादा वर सांगितल्यापेक्षा खाली ठेवण्यात येते. ट्रायग्लिसराइड वाढण्यात साखर, मैदा आणि मद्य यांचाही मोठा हात असतो, हे विसरू नये; केवळ तूप सोडून ते उतरत नाहीत. आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील, तर आहार सुधारला म्हणून त्या स्वतःहून कधीही बंद करू नयेत.

काळजी घेणाऱ्या मुला-सुनांना, लेकी-जावयांना आणि स्वतःच सत्तरी ओलांडून जोडीदाराची शुश्रूषा करणाऱ्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना ‘तेल-तूप चालेल का?’ असे मोघम विचारू नका. ‘यांचे वजन सहा महिन्यांपूर्वी एवढे होते, आता एवढे आहे, दिवसाला इतके चमचे तेल आणि इतके तूप जाते, यात काय बदलू?’ असे विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते. त्यासाठी वजनाचा काटा कपाटामागून बाहेर काढावा लागेल. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी, न्याहारीपूर्वी वजन करून ते कॅलेंडरवरच लिहून ठेवा.

आणि ज्येष्ठ वाचकहो, आपणही मुकाट्याने मान डोलावू नका. जेवण कोरडे लागत असेल, घास अडकत असेल, चव गेली असेल, तर तसे स्पष्ट सांगा. आपल्यासाठी काय शिजवायचे हे घरच्यांनी अहवालातील आकड्यांवरून ठरवलेले असते. आपल्याला प्रत्यक्ष किती आणि कसे जेवण जाते, हे मात्र आपल्याखेरीज त्यांना कोणी सांगू शकत नाही.